एकाग्रतेवर पंखा का चालत नाही?

प्रश्न : थोरल्या भावाला मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हातपाय आणि वाचा गेली, नजर शाबूत आहे. मेंदूचे विद्युत संकेत टिपणारा, कपाळावर एकच इलेक्ट्रोड असलेला हेडसेट आणला आणि एकाग्रतेचा आकडा ७० च्या वर गेला की रिले (संकेतावर चालणारा स्विच) चालू होईल असं जोडलं. पंखा आपोआप चालू-बंद होतो. कुठे चुकतंय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पद्धतच चुकली आहे, भाऊंकडून काही कमी पडत नाही. एकाग्रतेचा आकडा माणूस काहीही ठरवत नसतानाही खालीवर होतो. त्यात पापणी मिटली की कपाळावर शंभराहून जास्त मायक्रोव्होल्टची उसळी येते आणि मेंदूचा क्षीण संकेत तिच्याखाली दबतो.

नजर स्थिर राहते आहे तोवर लुकलुकत्या दिव्यांची पद्धत वापरा. पंख्यासाठी ७ हर्ट्झने (सेकंदाला ७ वेळा) लुकलुकणारा एलईडी, दिव्यासाठी ९, टीव्हीसाठी १२. ज्या एलईडीकडे भाऊ बघतील, तीच वारंवारिता डोक्याच्या मागच्या भागात उमटते. १० हर्ट्झ टाळा, कारण डोळे मिटून शांत पडल्यावर मेंदूची स्वतःची लय तिथेच जोर धरते. ७ आणि १४ एकत्र ठेवू नका. ७ ची दुप्पट म्हणून १४ सुद्धा उमटते. फिटचा आजार कधीही झाला असेल तर ही पद्धत नकोच.

इलेक्ट्रोड डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून साधारण साडेतीन सेंटिमीटर वर, मधोमध लावा. केसांत भांग पाडून जेल थेट कातडीला लागलं पाहिजे. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सर्किट बॅटरीवर चालवा आणि ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारिता गाळणारा) ठेवा, नाहीतर घरातल्या विजेची घरघर सगळं झाकून टाकेल. संकेताचे चार-चार सेकंदांचे सलग दोन तुकडे एकच उत्तर देतील तेव्हाच रिले हलवा. आठ सेकंद लागतील, पण पंखा उगाच बंद होणार नाही.

बाजारातले बरेच रिले मॉड्यूल कंट्रोलरची पिन लो (शून्य व्होल्ट) झाली की चालू होतात. म्हणून प्रोग्राममध्ये पिन आउटपुट करण्याआधी हाय करा. नाहीतर लाइट जाऊन आली की सगळी उपकरणं एकदम खटकन लागतात. रिलेचे तिन्ही टोक भिंतीवरच्या टू-वे स्विचशी जोडून घ्या, म्हणजे घरच्यांनाही हाताने पंखा लावता येईल. २३० व्होल्टची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्या. गिझर या रिलेवर घेऊ नका.

मदतीची बेल या दिव्यांच्या पद्धतीवर अवलंबून ठेवू नका. जाणूनबुजून सलग तीनदा पापणी मिटण्याचा संकेत तुमच्या जुन्या हेडसेटवरही स्वच्छ ओळखता येतो. बेल त्याच्यावर ठेवा.