प्रश्न: कॉलेजच्या पोरांसाठी गप्पा-गाण्यांचा शो काढतोय, पण गायक-वादक पाहुणे बोलतच नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की विट्यातली तुम्ही पाच-सहा पोरं मिळून युट्यूबवर शो काढताय, दर भागात एक गायक नाहीतर वादक, आणि ट्रायलला बोलावलेला तबलजी तीन वाक्यांत संपला. रागावू नका पण वाचून मला जरा बरंच वाटलं, कारण आमचं पण डिट्टो हेच झालं होतं.

२००९ ची गोष्ट. लिटिल चॅम्प्सची फायनल नुकतीच झालेली, घरोघरी कार्तिकी का आर्या यावरून वाद, आणि सांगलीतल्या एका केबलवाल्याच्या डोक्यात आलं की आपल्या लोकल चॅनेलवर पण तरुणांसाठी गाण्याबिण्याचं कायतरी पाहिजे. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, दोन गॅदरिंगचं निवेदन केलेलं, तेवढ्या भांडवलावर मला अँकर केलं. स्टुडिओ म्हणजे विश्रामबागेत एका गॅरेजच्या वरची खोली, मागं निळा पडदा, समोर आमच्याच वर्गातली दहा-बारा पोरंपोरी प्रेक्षक म्हणून बसवलेली आणि टेबलावर फोन, कारण सगळं लाईव्ह.

पहिला पाहुणा मिरजेचा, सतार वाजवणारा, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, घरात वाद्यं बनवायचा पिढीजात धंदा. मी वहीत बारा प्रश्न लिहून नेलेले. संगीताकडे कसे वळलात? "घरातच होतं." प्रेरणास्थान कोण? "वडील." तरुणांना काय संदेश द्याल? "रियाज करा." झालं! घड्याळात बघतोय तर चार मिनिटं झालेली आणि वेळ अर्ध्या तासाचा. तेवढ्यात फोन वाजला, मी देवाला हात जोडून उचलला तर पलीकडून एक काकू, "मंगळवारपासून आमची केबल बंद हाय, शेजारणीकडं बसून बघतोय, कधी येणार तुमचा माणूस?" हे अख्ख्या सांगलीनं ऐकलं.

मग तो सतारवाला म्हणाला, थांबा जरा, तुमच्या एसीनं तारा चढल्यात, जुळवून घेतो. मला वाटलं आता संपलंच, लाईव्हमध्ये हा पाच मिनिटं खुंट्या पिळत बसणार. पण समोरच्या एका मुलीनं मधेच विचारलं, ह्या खालच्या बारीक तारा तुम्ही वाजवत तर नाही, मग लावल्यात कशाला? तो हसला. माझ्या वहीचा कोपरा फाडून घेतला, बोटाच्या पेराएवढा कागद दुमडून त्यातल्याच एका, म्हणजे तरफेच्या, तारेवर बसवला आणि वरच्या तारेवर तोच सूर छेडला. खालच्या तारेला हातही न लावता कागद थरथरला आणि टुणकन उडून पडला. कॅमेरावाला पोरगा एवढा खूश झाला की त्यानं न सांगता झूम मारला, एरवी त्याला सांगून सांगून थकायचो. दुसऱ्या सुरावर तोच कागद ढिम्म हलला नाही, ते पण करून दाखवलं.

तिथून पठ्ठ्या जो सुटला तो थांबेचना. भोपळे पंढरपूरकडनं येतात, जवारी काढताना, म्हणजे सूर गुंजावा म्हणून, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानसेनं किती घासायची हे डोळ्यानं नाही कानानं कळतं, आणि ते काम वडील अजून त्याला करू देत नाहीत. आमचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, हे पण त्यानंच सांगितलं. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा तो कागदच आठवला.) मग मागच्या बाकावरनं आमच्या एका मित्रानं विचारलं, पोट भरतं का ह्यावर? मी डोळे वटारले. पण पाहुण्यानं सरळ सांगितलं की वाजवून नाही भरत, रिपेरी आणि क्लासवर भरतं, आणि लग्नात स्टेजवर वाजवताना लोक जेवणाच्या लायनीत असतात, त्याचं आता वाईट वाटत नाही.

तर मुद्दा हा की तुमचा प्रश्नांचा कागद फाडून टाका, किंवा निदान त्याच्या चिठ्ठ्या करा. कलाकाराला स्वतःबद्दल विचारलं की तो सत्कारातलं बोलतो, हातातल्या वस्तूबद्दल विचारलं की माणसासारखा बोलतो. त्यामुळं जुळवाजुळव कापू नका, उलट शो तिथनंच सुरू करा, पाहुण्याला आधी सांगून. 'खुपते तिथे गुप्ते' मध्ये अवधूत गुप्ते स्वतः गाणारा-चाली बांधणारा असल्यानं समोरच्या गायकाशी बरोबरीनं बोलू शकायचा, तुमच्यात तसं कोणी नसेल तर न लाजता अडाणी प्रश्न विचारणारी एक मुलगी पहिल्या रांगेत बसवा, आमचा शो पुढचे आठ महिने तिच्याच जिवावर चालला.

बाकी दोन गोष्टी पटकन. कॉलर माईक बोलण्यापुरता ठीक, वाद्याला वेगळा माईक द्या, नाहीतर तबल्याचा डग्गा नुसता पत्र्याचा डबा वाटतो. जास्तीचा मोबाईल वाद्याजवळ ठेवून रेकॉर्ड केलं तरी चालेल, फक्त सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे एडिटिंगला आवाज जुळवता येतो. आणि सिनेमातली गाणी टाळा. युट्यूबवर क्लेम येतो, आणि आपण स्वतः गायलं म्हणून चाल आपली होत नाही, संगीतकार गेल्यावर सुद्धा साठ वर्षं हक्क असतो. जुनी बंदिश, किंवा संतांचा अभंग स्वतःच्या चालीत, असलं काहीतरी घ्या.

पाहुणे कुठनं आणायचे म्हणाल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत एक चक्कर मारा, कॅमेरा न घेता. दुकानात कोणीतरी तारा बसवत असेलच, शेजारी जाऊन बसा.