राजवाडा जळताना मी पाहिला होता

गेल्या दोन-तीन वर्षांत समुपदेशक म्हणून एक तक्रार माझ्याकडे वारंवार यायला लागली आहे. "मॅडम, मला पक्कं आठवतंय, आणि सगळे म्हणतात तसं काही नव्हतंच. माझं डोकं फिरलंय का?" पूर्वीही लोकांच्या आठवणी चुकायच्या, पण तेव्हा फार तर नवरा-बायकोत वाद व्हायचा. आता माणूस रात्री दोन वाजता मोबाइल उघडतो आणि तिथे कोणीतरी सांगायला बसलेलं असतं की तुझं बरोबर आहे, जगच बदललंय. म्हणून समीरची गोष्ट सांगते. त्याला विचारून सांगते आहे, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून.

समीर 38 वर्षांचा, इंदूरच्या रामबागेत वाढलेला, एका कंपनीत हिशेब बघणारा. पैशाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत न उठणारा माणूस. मुलीला शाळेतून होळकरांच्या राजवाड्यावर प्रकल्प दिला होता. बापाने कौतुकाने सांगितलं, "मी राजवाडा जळताना पाहिलाय. आजोबांच्या खांद्यावर बसून." मुलीने वही उघडली. ती आग 1984 ची, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीतली. "पण बाबा, तुमचा जन्म तर 1987 चा ना?"

घरातले हसले. समीरही हसला. पण तो फरक काही सापडेना. जन्मदाखला काढून झाला, जुनी कात्रणं शोधून झाली. मग इंटरनेटवर त्याला 'मंडेला इफेक्ट' भेटला. नेल्सन मंडेला ऐंशीच्या दशकात तुरुंगातच वारले असं अनेकांना 'स्पष्ट' आठवतं, त्यावरून हे नाव पडलं. प्रत्यक्षात मंडेला 11 फेब्रुवारी 1990 ला सुटले, त्याच वर्षी आपण त्यांना भारतरत्न दिलं, 1994 ला ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि 5 डिसेंबर 2013 ला वारले. एवढ्यांना एकच चूक कशी आठवते, यावर काहींचं उत्तर असं की दोन जगं एकमेकांत मिसळली. जिनिव्हाजवळ 2008 साली सुरू झालेल्या, अणूंहून लहान कण एकमेकांवर आदळवणाऱ्या त्या प्रचंड यंत्राकडेही बोट दाखवतात. समीरने हे सगळं पाहिलं होतं. तीन महिने झोप नव्हती. बायकोने अक्षरशः हाताला धरून आणलं.

"आठवण चुकली असेल, असं धरून चालू या का?" मी विचारलं.

"शक्यच नाही. मला धुराचा लोट दिसतो. नारिंगी. वरच्या लाकडी मजल्यांपर्यंत चढलेला. बंब होते, माणसं ओरडत होती, आजोबांची टोपी माझ्या हातात होती. हे झालंच होतं."

मी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारांवर वाढलेली; 'असंच झालं पाहिजे' हा हट्ट माणसाला छळतो, असं ते सांगत. माणूस काय सांगतो त्याच्याइतकंच त्यातले 'च' किती, हे माझे कान मोजतात. शक्यच नाही, झालंच होतं, माझी आठवण बरोबरच असली पाहिजे. दुःख बहुतेक वेळा घटनेपेक्षा त्या 'च'ला चिकटून येतं. राजवाडा कधी जळला याने समीरचं काहीच बिघडत नव्हतं. 'मी चुकूच शकत नाही' याने मात्र तो पोखरला जात होता.

पुढच्या भेटीत मी एक चूक केली. अभ्यासांवर बोलत सुटले. 1986 साली अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नायसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तर कितीतरी जणांनी भलतंच सांगितलं, तेही ठामपणे. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी काहींना नवी आठवणच खरी वाटली. समीरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, ते त्यांचं झालं." बरोबर होतं त्याचं. दुसऱ्याच्या चुकीने कोणी शहाणं होत नाही.

तिसऱ्या भेटीत मी बोलणं कमी केलं. एक यादी सावकाश वाचली: उशी, गादी, पांघरूण, जांभई, रात्र, स्वप्न, डुलकी, घोरणं, अंगाई, पेंग. मग पाचेक मिनिटं त्याच्या ऑफिसबद्दल गप्पा मारल्या आणि म्हटलं, आठवतील ते शब्द लिहा. त्याने आठ लिहिले. त्यात 'झोप' होता.

"हा मी वाचला?"

"हो. तुमच्या आवाजात ऐकू येतोय अजून."

मी कागद पुढे सरकवला. त्याने वरून खाली वाचला, खालून वर वाचला, उलटून पाठ पाहिली. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही कागद बदललात."

मी काही बोलले नाही. खालच्या रस्त्यावरून पोहे-जिलेबीवाल्याचा आवाज येत होता. मिनिटभराने समीर स्वतःच म्हणाला, "हेच म्हणतोय ना मी जगाला?"

पस्तीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात आणि आले की मी उठून खिडकीशी जाते, कारण तेव्हा समुपदेशकाने तोंड उघडलं की माती होते. (हा खेळ माझा नव्हे. रॉडिगर आणि मॅकडरमॉट यांनी 1995 मध्ये याच पद्धतीचा इंग्रजी शब्दांचा प्रयोग प्रसिद्ध केला. मराठी यादी तेवढी माझी.) सगळे शब्द एका खोलीत राहतात. मन त्या खोलीत फिरून येतं आणि यजमानाला न भेटताही भेटल्याचं सांगतं.

पुढचं काम समीरच्या आत्याने केलं. मी तिला बोलवायला सांगितलं होतं, कारण हट्ट सुटला तरी तो नारिंगी लोट उरलाच होता, आणि तो कुठून आला हे कळल्याशिवाय हिशेबनीस माणूस खातं बंद करत नाही. आत्या देवासहून आल्या. मी विचारलं, आजोबा समीरला खांद्यावर घेऊन राजवाड्याला कधी जायचे?

"दर रंगपंचमीला! गेर बघायला."

समीर एकदम ताठ बसला. ज्यांनी इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: राजवाड्यासमोर मुंगीला जागा नसते, टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे उडतात आणि गुलालाचे लोट वाड्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढतात. लोट, बंब, ओरडा, आजोबांची टोपी. एकेक नोंद जागेवर बसत गेली.

"आणि तिथेच उभे राहून बाबा आगीची गोष्ट सांगायचे," आत्या म्हणाल्या. "मी समोर उभा होतो म्हणायचे. कुठले समोर? त्या दिवसांत बाहेर पडायची कोणाची छाती होती! आम्ही गच्चीवरून धूर पाहिला."

समीर इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. आजोबा जाऊन वर्षच झालं होतं. जग बदललंय हे त्याला सोपं वाटलं होतं, कारण आठवण गेली तर आजोबांचा खांदाही जाईल अशी भीती होती. तुकडे सगळे खरे होते, फक्त शिवण दुसऱ्या कापडाची होती, असं मी त्याला म्हटलं आणि तो शांत झाला.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर पुरावे तोंडावर फेकू नका. आणि प्रश्न जपून विचारा. 1974 मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी मोटारींच्या टकरीची फीत दाखवून काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता, तर काहींना नुसतं 'लागल्या' म्हटलं. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? 'धडकल्या' ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी होकार दिला, दुसऱ्या गटात 50 पैकी 7 जणांनी. फितीत काच नव्हतीच. तेव्हा "तुला आठवत नाही का, त्याने तुला ढकललं होतं?" असं मुलांना विचारणाऱ्या आयांनी एवढं लक्षात ठेवावं. रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवा, हेही सांगते, कोणी ऐकत नाही तरी. मात्र रोजचा रस्ता चुकत असेल, कालचं जेवण आठवत नसेल, कानात आवाज येत असतील किंवा 'कोणीतरी मुद्दाम माझ्याभोवतीचं जग बदलतंय' असं वाटत असेल, तर माझ्यासारखीकडे वेळ घालवू नका, थेट मनोविकारतज्ज्ञांकडे जा.

हे लिहायला बसण्याआधी समीरची फाइल काढली. ते शिवणीचं वाक्य मला फार आवडतं, दोन व्याख्यानांत सांगूनही झालंय. माझ्याच अक्षरात, चौथ्या भेटीच्या पानावर ते लिहिलेलं आहे. पुढे कंसात नाव आहे: आत्या.