स्लॅप बेसमध्ये थप्पड कुठे आहे?

प्रश्न असा आलाय की बेस गिटारवाले ज्याला 'स्लॅप' म्हणतात त्यात थप्पड नेमकी कोण कोणाला मारतं, कारण व्हिडिओत तर माणूस अंगठ्याने तारेवर ठोकतोय आणि मधेच एका बोटाने तार ओढून सोडून देतोय, तळहात कुठे लागतच नाही. आणि पुढे, याला मराठीत 'थप्पड-वादन' म्हटलं तर चालेल का.

शंका एकदम रास्त आहे. बेस गिटारवर खरंच थप्पड नसते. हे नाव दुसऱ्याच एका वाद्याचं आहे, या वादनाच्या निदान चाळीस वर्षं आधीचं, आणि ते फंकमधल्या (फंक म्हणजे अमेरिकेतलं तालावर भर देणारं नाचाचं संगीत) या वादनाला नंतर येऊन चिकटलं. ज्या माणसाला या वादनाचं श्रेय देतात तो लॅरी ग्रॅहम स्वतः त्याला स्लॅप म्हणतच नाही, तो म्हणतो 'थंपिंग अँड प्लकिंग'. आता जरा सविस्तर, कारण मधला रस्ता मजेशीर आहे.

मूळ वाद्य म्हणजे डबल बेस, तो माणसाच्या उंचीचा, उभा धरून वाजवायचा, व्हायोलिनच्या खानदानातला सगळ्यात थोरला. ऑर्केस्ट्रात तो गजाने वाजवतात. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाचाच्या बँडांमध्ये तो आला तेव्हा वाजवणाऱ्यांनी गज बाजूला ठेवला आणि हाताने तारा खेचायला सुरुवात केली. बिल जॉन्सन नावाच्या बेसवाल्याचा कार्यक्रमात गज मोडला आणि उरलेला कार्यक्रम त्याने हातानेच निभावला, तिथून हे सुरू झालं अशी एक आख्यायिका सांगतात. मला अशा गोष्टींवर फार विश्वास ठेवावासा वाटत नाही, प्रत्येक वादनशैलीच्या जन्माला काहीतरी मोडलेलं असावंच लागतं बहुतेक, (पुढे अजून एक मोडलेलं वाद्य येतंय, पण ते मात्र खुद्द वाजवणाऱ्याने सांगितलेलं आहे). कारण साधं होतं: कॉर्नेट, ट्रोम्बोन, क्लॅरिनेट यांच्या गलक्यात, माइक नसताना, बेसचा आवाज नाचणाऱ्यांपर्यंत पोचवायचा कसा.

तर ते लोक तार पकडून गळ्यावरच्या फळीपासून लांब ओढायचे आणि सोडायचे, ती फाटकन लाकडावर आपटायची. आणि दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत उघड्या हाताने तारांसकट फळीवर चापट मारायची, सूर नाही, नुसता 'टक्'. ही ती खरीखुरी थप्पड. मध्ये एक चापट की दोन की तीन यावरून सिंगल, डबल, ट्रिपल स्लॅप असे प्रकार आहेत. पॉप्स फॉस्टर, ड्यूक एलिंग्टनकडचा वेलमन ब्रॉड ही त्यातली मोठी नावं, आणि मिल्ट हिंटन, ज्याचं कॅब कॅलोवेच्या बँडबरोबर 1939 सालचं 'प्लकिन द बेस' ऐकलं तर कळतं की हा प्रकार किती वेगात करता येतो. तिथे शब्द आणि कृती यांचा मेळ शंभर टक्के बसतो, कोणाला विचारावं लागत नाही स्लॅप का म्हणतात.

(तार फळीवर आपटायची युक्ती मात्र अमेरिकेची नाही. बिबर नावाच्या संगीतकाराने 1673 मध्ये 'बत्तालिया' या रचनेत तोफांच्या आवाजासाठी हेच केलंय, आणि पुढे बार्टोकने 1928 च्या चौथ्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये इतकं ठसवलं की पाश्चात्त्य अभिजातवाले त्याला आजही 'बार्टोक पिझिकाटो' म्हणतात (पिझिकाटो म्हणजे गजाऐवजी बोटाने तार छेडणं). नाव कुणाचं लागतं याला काही नियम नसतो.)

पुढे जॅझ बदलला, बेसवाले गोल, गुळगुळीत, चालत्या सुरांकडे वळले, आणि स्लॅप जुनाट, सर्कशी समजला जायला लागला. तो टिकला गावाकडच्या कंट्री संगीतात आणि तिथून रॉकाबिलीत, म्हणजे कंट्री आणि रॉक अँड रोलच्या मिश्रणात. एल्व्हिस प्रेस्लीचं बाजारात आलेलं पहिलं गाणं, 1954 चं, मेम्फिसच्या सन स्टुडिओतलं 'दॅट्स ऑल राइट', त्यात ड्रम्स नाहीतच. एल्व्हिस, गिटारवर स्कॉटी मूर आणि डबल बेसवर बिल ब्लॅक, बस. जो ताल ऐकू येतो त्यातला बराचसा बिल ब्लॅकच्या चापटांचा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, ड्रमर नाही म्हणून बेसने ड्रमरचं काम करणं, कारण पंधरा वर्षांच्या आत हेच पुन्हा होणार आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या वाद्यावर, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसताना.

इथेच एक गल्लत निस्तरून टाकतो. त्याच सन स्टुडिओच्या संदर्भात 'स्लॅपबॅक' हा शब्द भेटतो आणि लोक तो स्लॅप बेसला जोडतात. तो वेगळा. आवाज टेपवर घेऊन क्षणभराने परत सोडायचा, म्हणजे एकच प्रतिध्वनी ऐकू येतो, त्या एकोला स्लॅपबॅक म्हणतात. त्या रेकॉर्डांत दोन्ही एकत्र असतात त्यामुळे गोंधळ व्हायचाच.

आता फंक. लॅरी ग्रॅहम, जन्म 1946, टेक्सासमधल्या बोमाँटचा, वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला. आई डेल ग्रॅहम, पियानो वाजवायची आणि गायची, आणि हा पोरगा पंधराएक वर्षांचा असल्यापासून तिच्याबरोबर क्लबांमध्ये गिटार वाजवायचा. आई, ड्रमर आणि हा, असे तिघे. एका क्लबात ऑर्गन होता, त्याचे पायाने दाबायचे बेसचे पेडल असतात, तर हा हाताने गिटार आणि पायाने बेस असं दोन्ही सांभाळायला लागला. मग तो ऑर्गन बिघडला. एकदा खालचे सूर कानाला सवयीचे झाले की ते नसले की बँड पोकळ वाटतो, म्हणून ऑर्गन दुरुस्त होईपर्यंत म्हणून याने एक बेस गिटार भाड्याने आणली. ऑर्गन काही दुरुस्त झाला नाही. आणि पुढे ड्रमर पण गेला, उरले आई आणि मुलगा.

मग त्याने काय केलं, तर ड्रम सेटमधला पायाने वाजतो तो मोठा ड्रम, किक, त्याच्या जागी जाड तारेवर अंगठ्याने ठोका, आणि स्नेअर या छोट्या ड्रमचा जो कडक आवाज दोन आणि चार मात्रेला येतो त्याच्या जागी बारीक तार बोटाने ओढून सोडणं. बेस गिटार 'बरोबर' कशी धरतात, दोन बोटांनी कशी वाजवतात हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि तो शिकायच्या मागेही नव्हता, कारण त्याच्या मते तो गिटारवालाच होता, बेस हे तात्पुरतं काम. त्यामुळे चूक-बरोबरचा प्रश्नच त्याच्या डोक्यात आला नाही. आईच्या बँडबरोबर असतानाच स्लाय स्टोनने त्याला ऐकलं, स्लाय तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोकडे रेडिओवर डीजे होता, आणि त्याला आपल्या नव्या बँडमध्ये घेतलं. स्लाय अँड द फॅमिली स्टोन. 1969 च्या डिसेंबरात 'थँक यू' हे गाणं आलं (त्याचं पूर्ण शीर्षक मुद्दाम वेडंवाकडं स्पेलिंग करून लिहिलेलं आहे, शब्दप्रेमींनी शोधून बघा, वेळ चांगला जाईल) आणि 1970 च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, आणि सगळ्यांनी ते अंगठ्याचं वादन ऐकलं. आता या बँडमध्ये ड्रमर होता बरं का, ग्रेग एरिको, चांगला दणकट. पण सवय लागली ती लागली. ड्रमरची उणीव भरायला काढलेली युक्ती ड्रमरच्या सोबतीने वाजायला लागली तेव्हा जे झालं ते फंकचं पुढचं सगळं.

आता हातात काय घडतं ते बघा म्हणजे शब्दाची अडचण स्पष्ट होईल. अंगठा तारांना साधारण समांतर, मनगट कुलपात किल्ली फिरवावी तसं फिरतं, आणि अंगठ्याच्या सांध्याची हाडाची बाजू गळा जिथे संपतो त्या भागात तारेवर आदळून लगेच परत येते. लगेच हे महत्त्वाचं, टेकून राहिला तर आवाज मेला. तार खाली जाऊन शेवटच्या धातूच्या पट्ट्यांवर, फ्रेट्सवर, आदळते, म्हणून तो आवाज नुसता 'धम्' नसतो, त्याला धातूची किनार असते. डबल बेसला फ्रेट्स नसतात, आणि त्या काळी ताराही आतड्याच्या, म्हणून तिथे लाकूड बोलतं आणि इथे लोखंड. मग तर्जनी बारीक तारेखाली आकड्यासारखी घालून ओढायची आणि सोडायची. बऱ्याचदा अंगठा ज्या सुरावर पडला त्याचाच वरच्या सप्तकातला सूर बोटाने काढतात, मधली एक तार सोडून पुढच्या तारेवर दोन पट्ट्या पुढे तो मिळतो, म्हणून फंकमध्ये ते सारखं खाली-वर उडी मारल्यासारखं ऐकू येतं. आणि डावा हात मधेमधे तारा नुसत्या झाकून ठेवतो, तेव्हा सूर न येता फक्त ठोका येतो. यात तळहात कुठेही नाही.

म्हणजे ग्रॅहमचं नाव नेमकं आहे: थंप म्हणजे ठोका, प्लक म्हणजे खेचणं. पण सत्तरच्या दशकात ही पद्धत पसरली, ब्रदर्स जॉन्सनमधला लुइस जॉन्सन (टोपणनाव 'थंडर थंब्स', तिथेही अंगठाच, थप्पड नाही), स्टॅनली क्लार्क, मार्कस मिलर, विलायतेत लेव्हल 42 चा मार्क किंग, आणि पसरता पसरता जुना हाताशी असलेला शब्द तिला लागला. आता जोडीने म्हणतात 'स्लॅप अँड पॉप', म्हणजे प्लकचा पण पॉप झाला. माझं मत विचाराल तर यात अडाणीपणा काही नाही, बेसवाल्यांच्या कानाला दोन्हीकडचं काम एकच वाटलं, बेसने ताल धरणं, आणि नाव कामावरून दिलं गेलं, हाताच्या हालचालीवरून नाही. हे सगळीकडे असंच झालं असंही नाही. जपानमध्ये याला कितीतरी वर्षं 'चॉपर' म्हणायचे, चॉपर बेस, इंग्रजी शब्दच पण इंग्रजांनी न वापरलेला. आता तिथेही स्लॅप रुळलाय.

अजून एक घोळ, जो आपल्याकडे पुण्या-मुंबईत कहोन वाजवणाऱ्यांशी बोलताना होतो. कहोन म्हणजे ज्यावर बसून वाजवतात तो खोका. त्यावर मधला खोल आवाज म्हणजे 'बेस' आणि वरच्या कडेला मारलेला कडक आवाज म्हणजे 'स्लॅप'. काँगा या हाताने वाजवायच्या उंच ढोलावरही स्लॅप हा कडक, उंच आवाजच. आणि बेस गिटारवर बरोबर उलटं: स्लॅप हा खालचा आवाज आणि उंच तो पॉप. एकाच बँडमध्ये दोघे असले आणि एकाने दुसऱ्याला 'इथे स्लॅप दे' म्हटलं की झाली पंचाईत.

फंक या शब्दाबद्दल प्रश्नात नाही पण कोणीतरी विचारणारच म्हणून दोन ओळी. इंग्रजीत फंकचा एक जुना अर्थ उग्र वास, घामट, कोंदट वास. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय बोलीत त्यातूनच 'फंकी' म्हणजे मातीतलं, अंगमेहनतीचं, न सजवलेलं असा कौतुकाचा अर्थ आला. मध्य आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेतल्या 'लू-फुकी' या अंगाच्या वासाच्या शब्दाशीही त्याचं नातं सांगितलं जातं, रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन या अभ्यासकाने ते मांडलंय. घाबरणे या अर्थाचा फंक वेगळा, त्याला यात ओढू नका.

आणि 'बास' की 'बेस'? इंग्रजी उच्चार बेस, इटालियन 'बासो'वरून स्पेलिंग तसं ठेवलंय. त्याच स्पेलिंगचा उच्चार बॅस केला तर इंग्रजीत तो एक मासा होतो, आणि मराठीत बास म्हणजे 'पुरे'. मी बेस लिहितो.

आता मराठीकरण. 'थप्पड-वादन' नको. एकतर चुकीचं, कारण वर सांगितलं तसं थप्पड नाहीच, आणि दुसरं म्हणजे ऐकणाऱ्याला हसू येतं. 'थाप' म्हणावं असं एकाने मला सुचवलं, पण थाप तबल्या-पखवाजावर पंजाची असते, ती डबल बेसच्या जुन्या स्लॅपला फार सुंदर बसेल, बेस गिटारला नाही. लेखात किंवा शिकवताना स्लॅप हाच शब्द ठेवावा, सगळे वाजवणारे तोच वापरतात, मुंबईच्या बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ बघून शिकणारी पोरं तर दुसरं काही म्हणणारच नाहीत. समजावून सांगायचं असेल तर 'अंगठ्याचा ठोका आणि बोटाचा हिसका' म्हणा, ग्रॅहमच्या थंपिंग-प्लकिंगच्या हे जास्त जवळ जातं. आणि टाइप करताना स्लॅप लिहा, ऑटोकरेक्ट त्याचा स्लॅब करतं आणि मग 'त्याने स्लॅब टाकला' असं वाचावं लागतं.

फरक कानाने समजून घ्यायचा असेल तर आधी हिंटनचं 1939 चं, मग एल्व्हिसचं 1954 चं, मग स्लायचं 'थँक यू', आणि शेवटी ग्रॅहमच्या स्वतःच्या बँडचं, ग्रॅहम सेंट्रल स्टेशनचं, 1974 चं 'हेअर', या क्रमाने ऐका. 'साइनफेल्ड' मालिकेची ती प्रसिद्ध धून यात घेऊ नका, तिथे बेसवाला शोधून सापडणार नाही, जोनाथन वुल्फने तो स्लॅप कीबोर्डवर वाजवलाय.