‘मी सुटले’ म्हणण्यात चूक काय?

प्रश्न ठाण्याच्या नौपाड्यातून आलाय. नवरा चार वर्षं अंथरुणाला खिळून होता, तो गेला. ‘रडू येतं आणि हलकंही वाटतं. “मी सुटले” म्हणाले तर जाऊबाईंना लागलं. शब्द चुकला का? आणि दारावरच्या पाटीतलं “सौ.” काढून काय लावायचं?’

शब्द चुकलेला नाही. वाक्य अर्धं राहिलंय.

हिंदीतलं ‘छूटना’ तेच आपलं ‘सुटणे’. त्यांची छुरी ती आपली सुरी, त्यांची मछली ती आपली मासळी, तसंच हे. त्याची जोडी ‘सोडणे’शी. सोडायला कुणीतरी सोडणारा लागतो. सुटणं मात्र आपोआप होतं, त्यात कुणाचा हात नसतो. ठाणे स्टेशनात ‘गाडी सुटली’ म्हणजे निघाली; धापा टाकत जिना उतरलेला माणूस ‘माझी गाडी सुटली’ म्हणतो तेव्हा ती त्याच्या हातची गेलेली असते. साथ सुटते, हात सुटतो, तेव्हा हाच शब्द दुःखाचा. परीक्षेतून सुटलो, बाळंतीण सुटली, तेव्हा सुटकेचा. म्हणजे तुमच्या दोन्ही भावना या एका क्रियापदात आधीपासून नांदतायत.

घोटाळा होतो तो ‘कशातून’ हे गाळल्यामुळे. नुसतं ‘मी सुटले’ म्हटलं की ती मोकळी जागा ऐकणारा आपल्या मनाने भरतो, आणि बायको बोलत असली की हमखास ‘नवऱ्याच्या तावडीतून’ अशीच भरतो. ती जागा तुम्हीच भरा: ‘रात्रीच्या जागरणांतून सुटले’, ‘औषधांच्या वेळापत्रकातून सुटले’. ‘-तून’ त्रासाला लागला की माणूस आपोआप बाजूला राहतो. (लग्नाचाच जाच असेल तर तसंही म्हणता येतं. व्याकरणाची काही हरकत नाही, जाऊबाईंची असेल.)

दुसरी वाट म्हणजे ‘मला सुटल्यासारखं वाटतं’. ‘मी’चं ‘मला’ झालं की तुम्ही कर्त्या उरत नाही, भावना तुमच्याकडे चालत येते. ‘हायसं वाटलं’ इथे नको; टळलेल्या संकटासाठी आहे ते, इथे काही टळलेलं नाही.

आणि ‘पण’ टाळा. ‘रडू येतं पण मोकळं वाटतं’ यात उत्तरार्ध जिंकतो, रडणं दुय्यम होतं. तुम्ही एक ‘ही’ वापरलाच आहे, दुसराही लावा: ‘रडूही येतं, मोकळंही वाटतं.’ दोन्ही खरं.

पाटीचं सोपं आहे. ‘श्रीमती’ लावा किंवा काहीच लावू नका. ‘श्रीमती’चा मूळ अर्थ श्रीने युक्त, त्यात नवरा असण्या-नसण्याचा संबंध नाही, विधवेपुरता तो आपण मराठीतच आकसला. विधवेच्या नावाआधी लावतात ते ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी तो शब्द सुचवला तेव्हा केवढा विरोध झाला होता.

जाता जाता एक गंमत. ‘ते सुटले’ म्हटलेलं कुणालाच खटकत नाही, आणि ‘मी सुटले’ तर टोचतं. क्रियापदाचं रूप मात्र दोन्हीकडे अक्षरशः एकच. कर्ता गाळून नुसतं ‘सुटले’ म्हणा, कोण सुटलं ते कळायचं नाही. फक्त पुढे ‘एकदाची’ जोडू नका.