संग्रहालयाच्या शालेय विभागात जाऊ का? जा, पण शिक्षकांसाठी जा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झालंय, नागपूरला बी.एफ.ए. (कलेतली पदवी) केलंय, घर यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, वर्षभर गावच्या शाळेत मानधनावर शिकवलंय. आता मोठ्या शहरातल्या एका कलासंग्रहालयानं शाळा आणि शिक्षक प्रशिक्षणाच्या विभागात वर्षभराच्या करारावर बोलावलंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: तिथं दिवसभर काय करावं लागतं, चित्र काढणाऱ्या माणसाचं त्यात मन रमतं का, आणि वर्षानंतर गावाकडे परतलं तर या अनुभवाचं करायचं काय. मी अशा विभागात अकरा वर्षं होते आणि गेली नऊ वर्षं वर्धा-यवतमाळच्या शाळांमध्ये तेच काम करते आहे, पाठीशी संग्रहालय नसताना. म्हणून सविस्तर लिहिते.

दिवसातला निम्मा वेळ फोनवर जातो. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, गाडी किती वाजता निघणार, डबे कुठं खायचे, पिण्याचं पाणी कुठं, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर. हे काम हलकं समजू नका. पहाटे पाचला गावातून निघालेलं पोरगं साडेदहाला दालनात येतं तेव्हा त्याच्या पोटात कावळे ओरडत असतात. सुरुवातीला मी मुलांना गाडीतून उतरवून थेट दालनात न्यायचे. पुढं आधी डबा, मग दालन असा क्रम लावला, आणि तीच मुलं बोलायला लागली. वेळापत्रकाचंही तसंच. संग्रहालयाला सहली हव्या असतात डिसेंबर-जानेवारीत. आपल्याकडे तेव्हा कापूस वेचणी चालू असते आणि वरच्या वर्गातल्या कितीतरी मुली शेतात असतात. हे शहरातल्या सहकाऱ्यांना ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा पहिल्या बैठकीतच सांगा.

मग दालनातला तास. साठ मुलांचा घोळका आला तर पंधरा-पंधराचे गट करायचे आणि तासाभरात तीन कलाकृती बघायच्या, फार तर चार. सोबतच्या शिक्षकांना हे पटत नाही. "एवढ्या दुरून आलो अन् तीनच?" हे मी शेकडो वेळा ऐकलंय. पण सगळी दालनं पळत पाहिलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी विचारा, त्याला जिना आठवतो आणि बाहेरचा आइस्क्रीमवाला आठवतो. एका मूर्तीसमोर वीस मिनिटं जमिनीवर बसलेलं मूल ती मूर्ती पाठीमागून कशी असेल, हेही काढून दाखवतं.

नियम सांगताना कारण सांगा. "हात लावू नका" एवढंच म्हटलं की मुलांना आपण चोर असल्यासारखं वाटतं. मी घासून लख्ख केलेला तांब्याचा गडू जवळ ठेवायचे. त्यावर आधीच्या आठवड्यात कुणीतरी ठेवलेल्या बोटांचे काळपट ठसे उमटलेले असायचे. घामातल्या क्षारांनी हे होतं, एवढं सांगितलं की पुढं कुणाला दटावावं लागत नसे. दालनात अंधुक का, हाही प्रश्न हमखास येतो. जलरंगातली चित्रं आणि जुनं कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण उजेडानं गेलेला रंग परत येत नाही. आजीचं लुगडं रोज उन्हात वाळून कसं विटतं, ते सांगा. मुलांना लगेच उमजतं.

आता कामाच्या गाभ्याकडे येते. चित्रासमोर मुलांशी बोलायचं कसं? तिथं तुम्हाला बहुधा तीन प्रश्नांची पद्धत शिकवतील. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी ती घडवली. या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटतं? आणखी काय दिसतं? यातला दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. त्यानं मुलाला पुन्हा चित्राकडे पाहावं लागतं आणि पुराव्यानिशी बोलायची सवय लागते.

पण ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्या मुलांना देवादिकांची नावं आधीच पाठ असतात. मूर्तीसमोर नेलं की "महादेव!" म्हणून सगळी एका सुरात ओरडतात, हात जोडतात, आणि बघणं तिथंच थांबतं. नाव सापडलं की काम संपलं, असं त्यांना वाटतं. म्हणून मी एक अट घालायचे: पहिली पाच मिनिटं कुणी नाव घ्यायचं नाही, फक्त जे डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगायचं. एकदा दगडी नंदीसमोर मुलं बसली होती. घुंगुरमाळ झाली, वशिंड झालं, दुमडलेले पाय झाले. मग राळेगाव तालुक्यातला सहावीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "म्याडम, हा बसला हाय, पण झोपला नाही. याचा कान पाहा न. कोणाचं तरी आयकून राह्यला." मी त्या नंदीसमोर तोवर कित्येक गट बसवले होते. पुढं वळलेला तो कान मला कधी दिसलाच नव्हता. घरी बैल असलेल्या पोराला तो दिसला, आणि नंदीचं तोंड गाभाऱ्याकडे का असतं, हे त्यानंतर मला शिकवावंच लागलं नाही. माहिती द्यायचीच नाही, असं मी म्हणत नाही. मूल अशा जागी पोचलं की तेव्हाच द्या. तेव्हा ती लागू पडते.

आता त्या विभागाच्या कामात तुम्ही शाळांनंतर दुसऱ्या क्रमांकावर लिहिलंय ते शिक्षक प्रशिक्षण. माझ्या लेखी खरं काम हेच. मूल संग्रहालयात येतं वर्षातून एकदा, तेही नशीब असेल तर. शिक्षक त्याच्यासोबत दोनशेहून जास्त दिवस असतो. शिक्षकाला बघता येऊ लागलं नाही तर आपली एवढी खटपट एका सहलीपुरती उरते.

माझी पहिली शिक्षक कार्यशाळा साफ फसली होती, ते सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. तालुक्याच्या गावी, मार्च महिन्यात, दुपारी. सभागृहाच्या खिडक्या बंद करून मी दोन तास युरोपातली चित्रं पडद्यावर दाखवली, काळ सांगितला, शैली सांगितल्या. शिक्षकांनी माना डोलावत सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटी एक गुरुजी उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "म्याडम, आमची शाळा दोन शिक्षकी. मी एका खोलीत तीन वर्ग घेतो. याच्यातलं उद्या सकाळी मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री एस.टी.त बसून मी तोच प्रश्न घोळवत होते. आजही कुठलीही कार्यशाळा आखताना मी तो कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवते.

पुढच्या कार्यशाळेला मी एक पेटी नेली. पेटीत तान्ह्या पोळ्याला मुलं ओढत नेतात ते चाकांचे लाकडी बैल होते, वेगवेगळ्या घरांतून उसने आणलेले. चार-चार शिक्षकांत एक बैल दिला. दहा मिनिटं हातात घेऊन नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मग बैल झाकायचा आणि आठवणीनं काढायचा. "आम्हाला चित्रकला येत नाही" हे वाक्य खोलीभर फिरलं, ते फिरतंच. त्यावर मी एवढंच म्हणते की चित्र चांगलं यायला नको, काय बघायचं राहून गेलं ते कळायला हवं. झाकण काढल्यावर गलका झाला. चाकं किती होती, शिंगं कुठल्या बाजूला वाकली होती, रंगाखाली जुना रंग होता की नाही. एका बाईंनी चाकाची झीज दाखवली आणि म्हणाल्या, "ह्याचं एकच चाक झिजलं. नेहमी एकाच बाजूनं वढत असन लेकरू." वस्तूवरून माणसापर्यंत पोचणं म्हणतात ते हेच. संग्रहालयातली माणसं आयुष्यभर हेच करतात. या बाईंना ते पंचवीस मिनिटांत जमलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन वर्गांच्या खोलीत करता येईल असं काहीतरी त्या घेऊन गेल्या. पहिलीच्या मुलानं बैल मोजावा, तिसरीच्यानं वर्णन करावं, चौथीच्यानं त्याची गोष्ट लिहावी.

शिक्षकांना शिकवायला सगळ्यात अवघड गोष्ट गप्प राहणं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प राहणारीही बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. कार्यशाळेत शिक्षकांना हे करून बघायला लावा. तीन सेकंदांची शांतता आपल्याला किती जड जाते, ते स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही.

मन रमतं का, या प्रश्नाचं उत्तर खरं तेच देते. स्वतःच्या चित्रांना वेळ कमी पडतो. दिवसभर दुसऱ्यांना बघायला शिकवून संध्याकाळी हातात कुंचला घ्यायचं त्राण राहत नाही. यातून मार्ग काढलेली माणसं आहेत. त्याच न्यूयॉर्कच्या संग्रहालयात व्हिक्टर डी'अमिको यांनी १९३७ पासून तीस वर्षांहून जास्त काळ शिक्षणाचं काम पाहिलं. त्यांचा भर मुलांनी स्वतः हातानं करून बघण्यावर होता, आणि त्यासाठी त्यांनी संग्रहालयात मुलांच्या कार्यशाळा उभ्या केल्या. तुम्हीही आठवड्यातला एक दिवस मुलांसोबत माती-रंगात हात घालण्याचा मागून घ्या. नाहीतर वर्षअखेरीस तुम्ही फक्त नोंदवह्या भरत असाल.

रुजू होण्याआधी या गोष्टी लेखी विचारा: शिक्षकांसाठी वर्षात किती दिवस ठेवलेत, गावातल्या शाळांच्या गाडीभाड्याचा खर्च कोण करतं (एस.टी. शालेय सहलींना निम्म्या भाड्याची सवलत देते, तरी दुरून यायचं तर उरलेली रक्कमही शाळेला जड जाते), आणि कराराच्या काळात सुट्टी आणि आजारपणाचं काय. माझ्या काळात मी हे विचारलं नाही. एका ठिकाणी पहिले चार महिने मानधन वेळेवर मिळालं नाही, तेव्हा दाखवायला कागद नव्हता. पुढं याच क्षेत्रात राहायचं ठरलं तर संग्रहालयशास्त्राच्या पदवीचा विचार करा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तो विभाग १९५२ पासून आहे.

आणि परतल्यावर काय? तुमच्या भोवती संग्रहालय नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चा आहे, वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला उघडलं. मगन संग्रहालय ग्रामोद्योगांचं आहे, म्हणून कलाशिक्षक तिकडे फिरकत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. चरख्याची घडण बघायला शिकलेल्या मुलाला शिल्पाची घडणही दिसते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयानं २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली. म्हणजे मोठी संग्रहालयंसुद्धा शाळेच्या दारात यायला लागलीत. गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळांवर मुलं यात्रेच्या गर्दीत फिरतात, पण एखाद्या शिल्पासमोर त्यांना कुणी थांबवत नाही. वाशीमच्या मुलांना अजिंठा म्हणजे कुठंतरी तिकडं औरंगाबादजवळचं, असं वाटतं. त्यांना सांगा की त्यांचं वाशीम म्हणजे विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांची राजधानी वत्सगुल्म, आणि अजिंठ्याची १६ क्रमांकाची लेणी कोरून घेणारा वराहदेव हा तिथल्याच राजा हरिषेणाचा मंत्री. मी हे पहिल्यांदा वाशीम तालुक्यातल्या एका शाळेत सांगितलं, तर सातवीतली मुलगी म्हणाली, "म्हणजे पैसा आमच्या गावचा होता?" तिथून आमचा पुढचा सगळा तास कलाकाराला पोसतं कोण, यावर झाला.

तेव्हा जा. पहिल्या महिन्यात स्वतः कमी बोला, जुन्या सहकाऱ्यांच्या मागं दालनात उभं राहून मुलं काय म्हणतात ते वहीत शब्दशः, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. आपल्याकडच्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी तुमच्या जुन्या शाळेच्या केंद्रप्रमुखांना भेटून शिक्षण परिषदेतला (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीतला) एक तास मागून ठेवा, दिवाळीनंतरचा. तोवर तुमच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी जमलेलं असेल. लाकडी बैलांची पेटी माझ्याकडेच आहे. हवी तेव्हा कळवा, यवतमाळच्या बसनं पाठवून देईन.