हिरवं पाणी उकळून चालेल का?

प्रश्न : बाई, स. न. मी पाषाणला राहतो. माझे थोरले बंधू इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर शेती करतात. उन्हाळ्यात तिथल्या पाण्यावर हिरवी जाड साय धरते आणि वास येतो. टँकर आला नाही, की वहिनी तेच पाणी गाळून, उकळून पिण्याला ठेवतात. म्हशी तर थेट काठावर पितात. माझी सून म्हणते, या शेवाळाच्या विषाने पेशींवर ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ येतो, तेव्हा दादांना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करा. पाणी उकळलं की पुरे ना? आणि या गोळ्यांचा उपयोग होईल का?
– एक वाचक, पाषाण, पुणे

उत्तर : वहिनींना आजच फोन करा आणि सांगा, की हिरव्या पाण्याला उकळणं हा उपाय नाही. उकळल्याने पटकी-काविळीचे जंतू मरतात, म्हणून ती सवय मोलाचीच. पण इथे भीती रसायनाची आहे. आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू. त्यातला मायक्रोसिस्टिस साचलेल्या, तापलेल्या, नत्र-स्फुरदाने भरलेल्या पाण्यात माजतो आणि त्याचे काही वाण मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवतात. सात अमिनो आम्लांचं हे बंद कडं उकळत्या पाण्यात तुटत नाही, पोटातल्या पाचकरसांनाही दाद देत नाही. उलट उकळताना शेवाळाच्या पेशी फुटतात, आत कोंडलेलं विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटेल तसं दाट होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ईरी सरोवराचं पाणी पिणाऱ्या टोलेडो शहराच्या नळांना हे विष आलं, तेव्हा तिथल्या लोकांना बजावलं गेलं, की पाणी पिऊ नका आणि उकळू तर मुळीच नका.

तुमच्या सूनबाई ऑक्सिडेटिव्ह ताणाचं जे म्हणतात ते बरोबर आहे. त्यामागचं रसायन कळलं, की गोळ्यांचं उत्तर आपोआप मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे विष कुठल्याही पेशीत सहज शिरत नाही. यकृताच्या पेशींवर पित्ताम्लं आत घेणारी वाहक प्रथिनं असतात, त्यांच्याच वाटेने ते आत जातं. म्हणून सगळ्यात जास्त मार यकृताला. आत गेल्यावर ते प्रोटीन फॉस्फटेज १ आणि २ए ही एन्झाइम्स जखडून टाकतं. प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणं हे त्यांचं काम. ते थांबलं, की फॉस्फेट साचत जातात आणि पेशीला आकार देणारा तंतूंचा सांगाडा ढासळतो. मात्रा मोठी असेल तर पेशी एकमेकींपासून सुटतात, यकृतात रक्तस्राव होतो. जनावरं काही तासांत दगावतात ती यानेच.

ऑक्सिडेटिव्ह ताण ही त्याच वेळी चाललेली दुसरी झीज. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोचतात. विषाने तिथलं पटल (पातळ आवरण) बिघडलं, की इलेक्ट्रॉन मध्येच गळतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि त्याची लोहाशी गाठ पडली, की हायड्रॉक्सिल रॅडिकल. ते पटलातली चरबी, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्याला ओरबाडतं. निरोगी पेशीतही हे थोडंफार रोज घडत असतं आणि ते निस्तरणाऱ्यांत ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू, पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, सगळ्यांत पुढे असतो.

खरी मेख इथे आहे. मायक्रोसिस्टिन बाहेर घालवण्यासाठी पेशी त्याला ग्लुटाथायोनच जोडते. म्हणजे विष काढायला तेच खर्च होतं आणि विषाने केलेली नासधूस आवरायलाही तेच लागतं. एकाच पगारातून कर्जाचा हप्ता आणि दवाखान्याचं बिल भागवायचं, तशी गत. प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी सुरुवातीला नेटाने ग्लुटाथायोन वाढवताना दिसतात. विष वाढत गेलं, की साठा कोसळतो आणि पेशी मरते. कॉलेजात शिकवायचे तेव्हा मुलं ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलं’ एवढंच लिहून मोकळी व्हायची. त्यांना मी हा जमाखर्च फळ्यावर मांडायला लावायची.

आता गोळ्या. एन-ॲसिटाइल सिस्टीन किंवा व्हिटॅमिन ई अशी अँटिऑक्सिडंट आधी देऊन उंदरांमध्ये ही इजा कमी झालेली दिसली आहे. पण त्या गोळीने जखडलेलं फॉस्फटेज सुटत नाही आणि माणसांत असा उपचार सिद्ध झालेला नाही. विषारी पाणी पीत राहायचं आणि वर गोळी घ्यायची, याला मी कधीही हो म्हणणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात आयुष्यभरासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आणि थोड्या दिवसांच्या अडचणीसाठी १२ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन ही मर्यादा घातली आहे. हे विष थेट रक्तात गेलं तर काय होतं, ते १९९६ मध्ये ब्राझीलच्या करुआरू गावात दिसलं. डायलिसिसच्या पाण्यातून ते रुग्णांच्या अंगात गेलं आणि ५० हून अधिक माणसं यकृत निकामी होऊन गेली. पिण्यातून मात्रा इतकी जात नाही, पण रोज थोडं थोडं जाणंही चांगलं नाही. मायक्रोसिस्टिन-एलआर हे माणसात कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या यादीत (गट २बी) आहे.

तुमच्या भावाच्या काठावर विष आहेच, असं नुसत्या हिरव्या रंगावरून म्हणता येत नाही. एकाच शेवाळाचे विषारी आणि बिनविषारी वाण शेजारी-शेजारी वाढतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून तपासणी होईपर्यंत विष आहे असं धरून चाला. वाऱ्याने साय जिथे लोटली जाते तो काठ सगळ्यात वाईट. म्हशींना तिथे सोडूच नका, गोठ्यात हौद भरून पाजा. घरी आरओ यंत्र असेल तर त्याच्या पडद्याने विष बरंच अडतं, सक्रिय कोळशाच्या गाळणीतही ते शोषलं जातं, पण कोळसा वेळेवर बदलला तरच. नुसत्या यूव्ही दिव्याचा इथे भरवसा धरू नका. तुरटी फिरवून निवळलेल्या पाण्यात शेवाळाच्या अख्ख्या पेशी खाली बसतात. पाण्यात आधीच उतरलेलं विष मात्र तसंच राहतं. चिलापी मासा खात असतील तर त्याचं काळीज (यकृत) आणि आतडी काढून टाकायची, विष तिथे जास्त साठतं.

आणि हे आपण पुणेकरांनी ऐकलंच पाहिजे. मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळून उजनीत जातं. उसाच्या खताबरोबर आपल्या शहराचं सांडपाणीही तिथल्या शेवाळाला पोसतं. दादांच्या काठावरची साय थोडी पाषाणच्या मोरीतूनही निघालेली आहे. ग्रामपंचायतीकडून पाण्याचा नमुना तपासायला पाठवा म्हणून दादा अर्ज करतील, तेव्हा त्यावर मायक्रोसिस्टिनची तपासणी हवी असं स्पष्ट लिहायला सांगा. नेहमीच्या जंतू-तपासणीत ते कळत नाही.

दादांना मळमळ, जुलाब, पोटात उजवीकडे दुखणं किंवा डोळे पिवळे, असं काही दिसलं तर डॉक्टरांना हिरव्या पाण्याची हकिकत आधी सांगा आणि यकृताच्या रक्ततपासण्या करून घ्या. म्हैस अचानक लटपटली किंवा तोंडाला फेस आला, तर पशुवैद्यकालाही हेच सांगायचं.