फेलोशिप हुकली, हे घरी सांगायचं कसं?

मी समुपदेशक आहे. संशोधन करणाऱ्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. "पीएचडी झाली, पेपर छापून आले, सगळे म्हणायचे हा पुढे जाणार. आता पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, फेलोशिपला नकार आलाय. मग आजवरचं कौतुक खोटंच होतं का? आणि गाइडना, घरच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?" फेब्रुवारी-मार्चमध्ये असे फोन जास्त येतात, कारण युरोपातल्या एका मोठ्या फेलोशिपचा निकाल तेव्हा लागतो.

सुहासची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहिण्याआधी त्याला विचारलंय.

सुहास बार्शीकडचा. रसायनशास्त्रात पीएचडी, घरातला पहिला पदवीधर. 2017 मध्ये त्याला जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तेव्हा महिन्याला 25 हजार येत. 2019 च्या जानेवारीपासून दर वाढले, तो सिनिअर फेलो झाला आणि 35 हजार येऊ लागले. गावाकडे या पैशांना सगळे 'पगार' म्हणत. त्यातून विहिरीवरची मोटर आली, बहिणीच्या लग्नाला हातभार लागला. पाच वर्षांची मुदत संपली आणि पैसे थांबले. अण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, हिशेबी मुलाची नोकरी गेली. फेलोशिपला मुदत असते हे त्याने घरी कधी नीट सांगितलंच नव्हतं, कारण मुदत संपायच्या आत आपण कुठेतरी लागलेलो असू अशी त्याची खात्री होती. 2023 मध्ये पदवी हातात आली. तेव्हापासून दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणं चालू होतं.

माझ्याकडची वेळ त्याच्या बायकोने, अश्विनीने घेतली होती. पहिल्या भेटीत तीच बोलली. "झोपत नाहीत. चिडतात. आणि हल्ली फोन उलटा ठेवतात, मॅडम." हे शेवटचं वाक्य तिने खाली बघत म्हटलं. तिला कसली शंका येत होती ते तिघांनाही कळलं. सुहास एकदम म्हणाला, "तसलं काही नाही गं. मेल येतात."

मेल बेल्जियममधल्या एका प्राध्यापिकेच्या होत्या. सप्टेंबर 2024 मध्ये त्याने तिच्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा, म्हणजे युरोपातल्या त्याच मोठ्या फेलोशिपचा, अर्ज भरला होता. फेब्रुवारीत निकाल लागला: शंभरपैकी 86.4, निधी नाही. अश्विनीला त्याने सांगितलं, निकाल लांबलाय. गाइडना तेच. अण्णांना तर असा काही अर्ज केलाय हेच माहीत नव्हतं. प्राध्यापिकेची "निकाल पाहिलात का? बोलू या" अशी मेल तीन आठवडे तशीच पडून होती. त्यानंतर तिने आणखी एक पाठवली होती. फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा यायचा.

संशोधकांबरोबर काम करायचं तर त्यांच्या फेलोशिपांचे नियम समुपदेशकाला माहीत हवेत, असं माझं मत आहे. "अपयश ही यशाची पायरी" असलं काही ऐकवलं की समोरचा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हिला काय कळतंय. म्हणून पुढच्या भेटीला मी मूल्यमापनाचा अहवाल मागवला. तो त्याने निकालाच्या दिवशी एकदा वरवर वाचून बंद केला होता.

या फेलोशिपचं गणित असं. प्रत्येक अर्ज तीन तज्ज्ञ तपासतात. संशोधनाच्या गुणवत्तेला 50 टक्के वजन, त्यातून पुढे काय साधेल याला 30 आणि काम प्रत्यक्षात कसं पार पाडणार याला 20. अर्ज विषयवार आठ पॅनेलांत विभागतात, आणि त्या त्या पॅनेलमध्ये वरून खाली यादी लावून पैसे संपेपर्यंत दिले जातात. त्या फेरीच्या नियमाने सत्तरच्या खाली गुण आले तर त्याच संस्थेबरोबर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नव्हता. 85 किंवा जास्त गुण मिळूनही निधी पुरला नाही, तर 'सील ऑफ एक्सलन्स' नावाचं प्रमाणपत्र मिळतं, आणि काही देशांतल्या संस्था त्याच्या आधारावर स्वतःचा पैसा देतात. 2024 च्या त्या फेरीत 10,360 अर्ज आले होते आणि 1,696 जणांना फेलोशिप मिळाली. सुहासच्या पॅनेलची रेषा, म्हणजे निधी मिळालेल्या शेवटच्या अर्जाचे गुण, नव्वदीच्या वर गेली होती.

म्हणजे त्याच्याकडे ते प्रमाणपत्र होतं. मेलला जोडून आलेलं. उघडलेलं नव्हतं.

अहवाल आम्ही टेबलावर ठेवला. एका कागदावर उभी रेघ मारली. डावीकडे अहवालात जे लिहिलंय ते, उजवीकडे ते वाचताना सुहासला जे ऐकू आलं ते. डावीकडे आलं: "जोखमीची पर्यायी योजना पुरेशा तपशिलात दिलेली नाही." उजवीकडे त्याने लिहिलं: "याला प्रयोगशाळेचा अनुभव नाही." डावीकडे: "यजमान संस्थेला उमेदवाराकडून काय मिळेल हे स्पष्ट होत नाही." उजवीकडे तो बराच वेळ थांबला. मग लिहिलं: "हा खेड्यातून आलाय, हे त्यांना कळलं."

हे वाक्य कागदावर आलं नसतं तर आम्ही महिनाभर झोपेबद्दलच बोलत बसलो असतो.

त्यावर मी वाद घातला नाही. "असं कशाला वाटून घेता" म्हणून उपयोग नसतो, वाटतंय ते वाटतंच. फक्त इतकं विचारलं, की डावीकडचं वाक्य अर्जातल्या कोणत्या पानाबद्दल आहे ते दाखवा. त्याने दाखवलं. दहा पानांच्या मर्यादेत त्याने त्या मुद्द्याला चार ओळी दिल्या होत्या. "पुन्हा लिहायचं झालं तर?" "अर्धं पान तरी द्यायला हवं," तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो अर्जाबद्दल रसायनशास्त्राच्या माणसासारखा बोलला.

मग त्याला नेदरलँड्समधला एक अभ्यास सांगितला. 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. नव्या संशोधकांना मिळणाऱ्या तिथल्या एका निधीच्या अर्जदारांपैकी रेषेच्या किंचित वर असलेले आणि किंचित खाली राहिलेले, अशांची पुढची वाटचाल त्यात तपासली होती. दोघांच्या गुणांत नगण्य फरक. पण पुढच्या आठ वर्षांत वरच्यांना खालच्यांपेक्षा दुपटीहून जास्त संशोधन निधी मिळाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तिथे सापडलेल्या कारणांपैकी एक: खाली राहिलेल्यांनी पुढे अर्ज करण्याचंच प्रमाण कमी केलं होतं. एका नकारानंतरची ही माघार कुणाच्या नजरेत येत नाही. मला ती खोलीत बसून दिसते: न उघडलेली मेल, टाळलेला गाइड, घरी मारलेली थाप.

स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने तर 2021 पासून उघडच मान्य केलंय, की रेषेवरच्या अर्जांत फरक करता येत नसेल तर चिठ्ठ्या टाकायच्या. हे ऐकून सुहास हसला. "मग आमच्याही चिठ्ठ्याच टाकायच्या होत्या. निदान राग तरी चिठ्ठीवर काढला असता."

या टप्प्यावर नातेवाईक थोरामोठ्यांच्या गोष्टी पाठवतात. सुहासच्या मेव्हण्याने कमला सोहोनींची पाठवली होती: 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. गोष्ट खरी आहे आणि मला फार आवडते. पण सुहासला ती वाचून आणखी वाईट वाटलं होतं, आणि ते मला समजतं. सोहोनींसमोर नाही म्हणणारा माणूस उभा होता, त्याचं कारण उघड अन्यायाचं होतं आणि त्याच्याशी भांडता येत होतं. सुहासला नाही म्हणणारं कुणी नव्हतंच. एक आकडा होता. त्याच्याशी काय भांडणार? मग माणूस स्वतःशीच भांडतो.

आता सांगण्याचं काम उरलं होतं. अश्विनीला तर त्या खोलीतच कळलं होतं. ती रागावली, ती निकालावर नव्हे तर महिनाभर खोटं बोलण्यावर. तो राग रास्त होता. मी तो शमवायला गेले नाही.

प्राध्यापिकेची मेल त्याने माझ्यासमोर लिहिली. पहिला मसुदा माफीनाम्याचा होता: आपला वेळ वाया घालवला, क्षमस्व, वगैरे. मी विचारलं, तिचं नुकसान नेमकं काय झालं? विचार करून म्हणाला, "काहीच नाही. ती दरवर्षी दोघातिघांना अर्ज करायला लावते." दुसरा मसुदा चार ओळींचा झाला. उत्तराला उशीर झाला, गुण असे आले, त्रुटी या दोन दाखवल्यात, सप्टेंबरच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करायचा विचार आहे, तुमचं मत काय. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात कौतुक नव्हतं, सांत्वन नव्हतं. एप्रिलमधल्या एका तारखेला ऑनलाइन बोलू या, असं होतं. एवढ्यासाठी आपण तीन आठवडे फोन उलटा ठेवला, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

अण्णांना सांगणं सगळ्यात अवघड जाईल, अशी त्याची धारणा होती. युरोप, पॅनेल, टक्केवारी हे त्यांना कसं समजवायचं? गुढीपाडव्याला गावी गेल्यावर त्याने सरळ सांगितलं: फॉर्म भरला होता, दहा हजारांच्या वर पोरं होती, सतराशेच्या आसपास घेतली, आपला नंबर थोडक्यात हुकला. अण्णा म्हणाले, "म्हंजी मेरिट वर गेलं व्हय. मग परत भर की. त्या शिंद्याच्या पोरानं भरतीला किती वेळा दिलं?"

गावागावांत पोलीस भरतीची, तलाठी भरतीची मुलं असतात. दोन गुणांनी हुकलं म्हणून त्यांना कुणी ढ म्हणत नाही. मेरिट, कट ऑफ, वेटिंग हे शब्द त्या घरांत पाठ असतात. सुहासला वाटत होतं की आपलं दुःख घरच्यांच्या आकलनापलीकडचं आहे. खरं तर ज्या भाषेत ते सांगायला हवं होतं, ती त्या घरात त्याच्याही आधीपासून होती. पीएचडी झालेल्या पहिल्या पिढीतल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत मी हे पाहते. घरच्यांना कळणार नाही, हे आपणच ठरवून टाकलेलं असतं.

सगळ्यांना सांगून झाल्यावर पैशांचा आणि वेळेचा प्रश्न समोर आला. तो मनोबलाने सुटत नाही. आम्ही एक साधा तक्ता केला: कोणती दारं कधी बंद होतात. क्युरीसाठी पीएचडीनंतर आठ वर्षांच्या संशोधन-अनुभवाची मर्यादा. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपला पोस्टडॉक गटात पीएचडीनंतर चार वर्षं, म्हणजे त्याच्यासाठी 2027 पर्यंत. तिथे यजमान प्राध्यापक स्वतः शोधायचा असतो, आणि अर्जाला ठरावीक अंतिम तारीख नसते. आपल्याकडे आधी सर्ब (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) द्यायचं ती राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. मुदत दोन वर्षं, वयाची मर्यादा 35, राखीव प्रवर्ग आणि महिलांना पाच वर्षं सवलत. सुहास तेव्हा 33 चा होता. "अजून किती वर्षं?" या अश्विनीच्या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर मिळालं: सप्टेंबरची एक फेरी आणि आणखी एक, त्यानंतर औषध कंपन्या. दोघांनी ते लिहून सही केली. सही हा माझा आग्रह नव्हता, अश्विनीचा होता. ती बँकेत आहे.

चिकाटी धरणं नेहमीच बरोबर असतं, असं मी कुणाला सांगत नाही. घरावर कर्ज असेल, लहान मूल असेल, संशोधनातला रसच आटला असेल, तर बाहेर पडणं हा शहाणा निर्णय असू शकतो, आणि तो घेतलेली कितीतरी माणसं आनंदात आहेत. फक्त तो निर्णय माहिती घेऊन घ्यावा. लपतालपता घेतलेला नसावा. आणि नकारानंतर दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर फेलोशिपचा प्रश्न बाजूला ठेवून आधी मदत घ्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास मराठीतही बोलते.

2025 च्या सप्टेंबरात सुहासने अर्ज पुन्हा भरला. त्या फेरीत एकूण अर्ज 17 हजारांच्या वर गेले. निकालाच्या दिवशी त्याचा मला फोन आला. "89 आले, मॅडम. नाही झालं." आवाज पडलेला होता. अश्विनीला सांगून झालं होतं, प्राध्यापिकेला मेल गेली होती, गाइडना तो संध्याकाळी भेटणार होता. सध्या तो पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रकल्पावर काम करतोय आणि हम्बोल्टचा अर्ज लिहितोय. मध्यंतरी एका औषध कंपनीच्या मुलाखतीलाही जाऊन आला. तिथलं काही अजून कळलेलं नाही, पण मुलाखत कुठल्या तारखेला आहे हे या वेळी बार्शीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.